मांजर व्याली आहे, तिला काय घालावे?



वेल्हे तालुक्यातील एका वाडीवरून एका ताईंचे पत्र आले आहे. (राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली तालुक्याचे नाव राजगड करण्यास मंजुरी दिली, पण ताईंनी पत्रावर वेल्हेच लिहिले आहे आणि आपल्याही तोंडात तेच बसले आहे.) त्यांची मांजर माळ्यावर पेंढ्यात व्याली. चार पिले झाली. पाचव्या दिवशी एक गारठून मेले, दुसरे सारखे ओरडते. ताईंनी त्याला बोटाने गाईचे दूध चाटवले, तर पातळ जुलाब लागले. सासूबाईंचे म्हणणे असे की मांजरीला घरातून काही घालूच नये, घातले की ती उंदीर धरत नाही. शिवाय घरात पोरांनाच रोज अंडे मिळत नाही, मग मांजरीला कुठून द्यायचे? ताई विचारतात, "पिलांना काय पाजू?"

ताई, एका ओळीत उत्तर द्यायचे तर असे: पिलांना काही पाजू नका, त्यांच्या आईला खाऊ घाला. पिले आईजवळ आहेत आणि आई त्यांना अंगावर घेते आहे, तोवर त्यांचे पोट भरायचे ते आईच्या पोटातून. बहुतेक घरांत मात्र उलटे चालते. पिलू ओरडले की त्याच्यापुढे दुधाची वाटी, आणि आई चुलीशी येऊन ओरडली की तिच्यावर चप्पल.

घरात लेक किंवा सून बाळंत होते तेव्हा आपण काय करतो? अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, गरम भाकरी, सगळे तिच्या पुढ्यात. तान्ह्या बाळापुढे कोणी ताट मांडत नाही. मांजर तर एका वेळी तीन-चार, कधी पाच-सहा पिलांना पाजते, आणि मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. ती सगळी तिच्याच अंगातून जातात. गाभण असताना ती पुढच्या दिवसांसाठी थोडी चरबी साठवते, पण गाभणपणीच उपाशी राहिलेल्या मांजरीकडे ती शिल्लक कुठून असणार?

सासूबाईंच्या म्हणण्याचा हिशेब करून पाहू. तीन किलोच्या साध्या मांजरीला दिवसाला सुमारे २०० कॅलरी अन्न लागते. एका लहान उंदरातून तिला सुमारे ३० कॅलरी मिळतात. म्हणजे एरवी तिने दिवसाला सहा-सात उंदीर खाल्ले तर भागते. पिले तीन-चार आठवड्यांची होतात तेव्हा तिची गरज दुप्पट ते तिप्पट होते. मग रोज पंधरा-वीस उंदीर लागतील. इतके उंदीर कोणत्या घरात आहेत, आणि असले तरी ते धरायला ती किती तास बाहेर राहील? ती बाहेर असेल तितका वेळ पिले उपाशी आणि गार. पत्रातले एक पिलू गारठून मेले, त्याचे कारण मला तरी इथेच दिसते.

राहिली गोष्ट "खायला घातले तर उंदीर धरत नाही" ही. हा समज गावोगाव आहे, पण खरा नाही. शिकार करणे हा मांजरीचा स्वभाव आहे, तो भुकेवर अवलंबून नाही. पोटभर जेवलेली मांजरही खुडबुड ऐकली की कान टवकारते, आणि जेवता जेवता उंदीर दिसला तर ताटली सोडून धावते. उलट अशक्त मांजर झेप चुकते. पिले महिन्याची झाली की आई त्यांच्यासाठी उंदीर घरी आणू लागते, आधी मेलेला, मग अर्धमेला. पिलांची शाळा ती तिथेच. तेव्हा सासूबाईंना सांगा की मांजर उंदरांची राखण करायची ती करेलच. फक्त घुशीची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका. घूस अंगाने मोठी आणि चिवट असते, बहुतेक मांजरी तिच्या वाटेला जात नाहीत.

भोर-वेल्ह्याकडे मांजरीला घरात मान आहे तो भातामुळे. दिवाळीच्या आगेमागे भात झोडून घरी येते, कणगीत पडते आणि वर्षभर पुरवून खायचे असते. उंदीर खातो त्यापेक्षा नासवतो जास्त. पोत्याला भोक पाडतो, लेंड्या आणि मूत मिसळतो. पावसात उंदराच्या मुतामुळे लेप्टोस्पायरोसिससारखा ताप माणसालाही होतो. ज्या घरात मांजर वावरते तिथे उंदीर बिचकून राहतो, हे आपल्या आजीलाही माहीत होते. मग या राखणदाराचा पगार म्हणून दोन महिने जरा बरे खायला घालायचे, इतकीच ही गोष्ट आहे.

आता काय घालायचे ते.

पहिली गोष्ट मनातून काढून टाका, ती म्हणजे दूध-भात. आपल्याकडे मांजर म्हटले की दूध-भात किंवा दुधात कुस्करलेली भाकरी. त्याने पोट भरल्यासारखे वाटते, पण मांजरीचे शरीर मांसावर चालणारे आहे. कुत्रा भाकर-तुकड्यावर जगून जातो, मांजर जगत नाही. मांसात आणि मासळीत टॉरिन नावाचा एक घटक असतो. तो मांजरीला स्वतःच्या अंगात पुरेसा तयार करता येत नाही. टॉरिन मिळाले नाही तर मांजरीचे डोळे हळूहळू निकामी होतात, हे १९७५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. हृदयही कमजोर होते, हे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवले. गाभण मांजरीला ते कमी पडले तर गर्भ पोटातच जिरतात किंवा पिले अगदी लहान जन्मतात. गाजर-भोपळ्यातून माणसाला जीवनसत्त्व अ मिळते, मांजरीला तसे मिळत नाही, तिला ते प्राण्यांच्या पदार्थांतूनच लागते. शेंगदाणे, डाळी कितीही चांगल्या असल्या तरी त्यांच्यात टॉरिन नाही.

मांस म्हणजे लगेच मटणाचा भाव डोळ्यापुढे आणू नका. आपल्या घरांना वजडी, फुफ्फुस, कलेजी, पोटा या वस्तू नव्या नाहीत. जे दुसऱ्यांनी टाकले त्यातून चवीचे जेवण करणे आपल्या आया-आज्यांना चांगले जमत होते. मांजरीला याहून चांगले काय हवे? कोंबडीच्या दुकानात मान, पाय, पोटा स्वस्तात मिळतात, ओळखीचा दुकानदार कधी कधी तसेच देतो. ते घरी आणून स्वच्छ धुवावे आणि मीठ-मसाला न घालता कुकरला लावावे. मानेचे आणि पायाचे हाड इतके शिजले पाहिजे की बोटाने दाबले तर चुरा व्हावा. तसे मऊ हाड मांसासह कुस्करून दिले की तिला चुना, म्हणजे कॅल्शियम, मिळते. नुसत्या लाल मांसात कॅल्शियम फारच थोडे असते. आपल्या ताटातले तंगडीचे कडक हाड मात्र देऊ नये, शिजलेले कडक हाड फुटून टोकदार होते आणि घशात-आतड्यात रुतते.

शिजवलेले पाणी फेकू नका. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून तो अळणी रस्सा गार करून त्याच ताटलीत ओतावा. त्या रश्श्यात मूठभर मऊ भात कालवला तर चालतो, भूक भागायला मदत होते. पण ताटलीत निम्म्याहून जास्त वाटा मांस-मासळी-अंड्याचा असावा.

कच्चे का देऊ नये, असे कोणी विचारेल, कारण उंदीर ती कच्चाच खाते. दुकानातल्या कोंबडीच्या टाकाऊ भागातून रोग येऊ शकतात. २०२५ च्या सुरुवातीला नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात पाळीव मांजरांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. शिजवले की ती भीती जाते. मासळीचेही तसेच. काही कच्च्या माशांत असा घटक असतो जो जीवनसत्त्व ब-१ नासवतो. उकडला की तो निकामी होतो.

मासळीची आपल्याकडे तशी अडचण नाही. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी ही धरणे जवळ आहेत. चिलापी, रोहू, कटला घरी आला की डोके आणि पोटाकडचा भाग उकडून, मोठे काटे काढून मांजरीला द्यावा. वरंधा घाट उतरले की कोकण, त्यामुळे सुकी मासळीही आपल्या तोंडची. सुकट आणि बोंबील मांजरीला फार आवडतात, वासानेच ती पायात घोटाळते. पण त्यांत मीठ भरपूर असते. अर्धा तास पाण्यात भिजवून ते पाणी टाकावे, पुन्हा एकदा धुवावे आणि मग उकडावे. हे एवढे पाणी मात्र ठेवू नये. मूठभर सुकट आणि त्यात थोडा रस्सा-भात एवढ्यानेही एक वेळ निभावते. रोज तिन्ही त्रिकाळ मासळीच मासळी नको, विशेषतः बांगड्यासारखी तेलकट मासळी. आलटून पालटून द्यावे. कलेजी आठवड्यातून एक-दोनदा लहान तुकडा पुरे. ती रोज आणि भरपूर दिली तर जीवनसत्त्व अ अंगात साचून हाडे बिघडतात.

अंडे उकडून द्यावे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने आणि ७० कॅलरी असतात. ताईंनी अंड्याचे लिहिले आहे, म्हणून स्पष्ट सांगते, पोराच्या ताटातले अंडे काढून मांजरीला घालावे असे मी म्हणणार नाही. कुकरमधल्या कोंबडीच्या मानेने तेच काम होते. परसात कोंबड्या असतील आणि एखादे अंडे तडकले असेल तर ते तिचे.

किती द्यावे? व्यालेल्या मांजरीला मोजून घालू नये, खाईल तितके द्यावे, पण थोडे थोडे, दिवसातून चार वेळा. पिले तीन-चार आठवड्यांची असताना तीन किलोची मांजर पाव किलो ते ३०० ग्रॅम शिजलेले अन्न दिवसाला सहज संपवते, पिले जास्त असतील तर त्याहूनही अधिक. दुधामुळे तिला तहान फार लागते. पिलांच्या जवळच मातीच्या किंवा स्टीलच्या पसरट भांड्यात स्वच्छ पाणी कायम असावे. ताटलीही जवळच ठेवावी, म्हणजे तिला पिले सोडून लांब जावे लागत नाही, आणि कुत्रा किंवा बोका ताटलीवर येत नाही. फक्त अगदी अंथरुणाला चिकटून नको, सांडले की मुंग्या लागतात आणि मुंग्या पिलांना फोडून खातात.

कांदा-लसणाचे कालवण देऊ नये. आपल्या रश्श्यात कांदा-लसूण असतोच आणि मांजरीच्या रक्तातील तांबड्या पेशी त्याने फुटतात. वाटण घालायच्या आधी तिचा वाटा बाजूला काढायची सवय लावावी. चहा, चॉकलेट, फरसाण, लोणच्याचा खार हेही नको. गाईचे किंवा म्हशीचे दूध तिला पचत असेल तर थोडे द्यायला हरकत नाही, मात्र पुष्कळ मोठ्या मांजरांनाही त्याने जुलाब होतात. तसे झाले तर दूध बंद, पाणी भरपूर.

आता पिलांचे पोट भरते आहे की नाही, ते कसे ओळखावे?

जन्मतः पिलू साधारण ९० ते ११० ग्रॅमचे असते आणि रोज १० ते १५ ग्रॅमने वाढते. दोन आठवड्यांत वजन दुप्पट झाले पाहिजे. घरात काटा नसेल तर एका काठीला दोन्ही टोकांना सारख्या वाट्या टांगून तराजू करावा, एका वाटीत दुकानातून आणलेली १०० ग्रॅमची चहापुडी ठेवावी आणि दुसरीत पिलू. नेमका आकडा मिळाला नाही तरी काल पारडे कुठे होते आणि आज कुठे आहे हे कळते. पोरांना हे काम आवडते, गणितही होते. पण दिवसातून एकदाच, तेही आई खायला उठली असताना आणि हात धुऊन. तराजूही नको असेल तर नुसते पाहावे. पोट गोल, अंग उबदार आणि पिले गुपचूप एकमेकांवर झोपलेली असतील तर दूध मिळते आहे. सारखे ओरडणारे, आईपासून बाजूला पडलेले, चपट्या पोटाचे आणि हाताला गार लागणारे पिलू उपाशी आहे.

मांजरीला बहुधा आठ आचळ असतात आणि पहिल्या काही दिवसांतच बहुतेक पिले आपापला आचळ ठरवून घेतात. अशक्त पिलाला दांडगी पिले मागे लोटतात. त्याला दिवसातून तीन-चार वेळा उचलून मागच्या बाजूच्या आचळाला लावावे आणि बाकीच्यांना क्षणभर बाजूला धरावे. मागचे आचळ बहुधा जास्त भरलेले असतात. जन्मानंतरच्या पहिल्या दिवशीचा चीक तर प्रत्येक पिलाच्या पोटात गेलाच पाहिजे. त्यातूनच रोगाशी लढण्याची शक्ती येते, आणि ती घेण्याची पिलाच्या आतड्याची तयारी पहिल्या दिवसापुरतीच असते.

गारठ्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी जाते. तान्ह्या पिलाला पहिल्या आठवड्यात स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही, त्याला धड कुडकुडताही येत नाही. हिरडस मावळात, वेल्ह्याच्या डोंगराकडेच्या वाड्यांत पावसाळ्यात दिवसदिवस ऊन पडत नाही आणि कौलातून थेंब पडतात. अशा वेळी लाकडी खोका किंवा जुनी पाटी घ्यावी, तळाला कोरडा पेंढा, त्यावर गोणपाट आणि वर जुन्या लुगड्याची घडी. घोंगडीचा तुकडा असला तर उत्तम. चुलीच्या मागची बाजू उबेची असते, पण ठिणगी आणि धूर यांच्यापासून दूर ठेवावे. फार थंडी असेल तर बाटलीत गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून, फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवावी, म्हणजे उकडले तर पिलू सरकू शकते. आणि हे पक्के ध्यानात ठेवा: गार पडलेल्या पिलाला आधी ऊब, मग दूध. गार पोटात दूध पचत नाही, आणि गार पिलाला नीट गिळताही येत नाही, दूध छातीत जाते. अशा पिलाला पोलक्याच्या आत छातीशी धरून तासभर हळूहळू ऊब द्यावी, आगीशी शेकू नये.

मांजर पिलांना सात घरे फिरवते असे म्हणतात. ती काही मोजून सात घरे करत नाही. जागा ओली झाली, पिसवा झाल्या, पोरांनी सारखे हात लावले, बोका येऊन गेला, की ती मानेला धरून पिले हलवते. मांजरीचे दात पिलाला लागत नाहीत, ही आपली म्हण खरी आहे. पण बोक्याचे लागतात, तो पिले मारतो. म्हणून माळ्याची खिडकी रात्री बंद ठेवावी आणि मांजरीपुरती वाट आतून असावी. मांजर आडवी गेली की परत फिरणारे लोक अजून आहेत. आपल्या घरात तरी पोरांना तसे शिकवू नये.

कधी कधी मात्र आई मरते, गाडीखाली येते किंवा तिला दूधच येत नाही. मग पिलांना वरचे दूध द्यावेच लागते. शेजारपाजारी दुसरी मांजर नुकतीच व्याली असेल तर तिच्याकडे पिले लावून पाहणे सर्वांत चांगले, बऱ्याच मांजरी परकी पिले घेतात. नाहीतर पुण्याच्या दुकानांत मांजरीच्या पिलांसाठी दुधाची भुकटी मिळते, ती आणावी. ती हाती येईपर्यंत एक-दोन दिवस काढायचे तर कपभर साईसकट दुधात एका अंड्याचा पिवळा बलक चांगला घोटून, गाळून, कोमट करून द्यावा. साखर घालू नये. नुसत्या गाईच्या दुधात प्रथिने आणि स्निग्धांश कमी पडतात आणि दुधातली साखर जास्त होते. पाणी घातलेले दूध तर त्याहून वाईट, पोट फुगते आणि अंगी लागत नाही.

पाजताना माणसाच्या बाळासारखे उताणे धरू नये. पिलू पोटावर, डोके किंचित वर, जसे ते आईला पिते तसे. सुई काढलेल्या लहान सिरिंजने थेंब थेंब सोडावे. १०० ग्रॅमच्या पिलाला एका वेळी ३ ते ४ मिलिलिटरपेक्षा जास्त नको आणि पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने शेपटीखाली हळू चोळावे. तीन आठवड्यांपर्यंत पिलाला आपणहून शू-शी करता येत नाही, आई चाटते तेव्हाच होते. शिरवळच्या कंपनीत पाळीवर जाणाऱ्या घरात हे सगळे अवघड आहे, मला ठाऊक आहे. घरातल्या मोठ्या मुलाला आणि शेजारणीला पाळ्या लावून द्याव्यात.

आईच्या तब्येतीत तीन गोष्टींवर नजर ठेवावी. एखादा आचळ लाल, गरम, दगडासारखा झाला आणि ती पिलांना जवळ येऊ देत नसेल तर आत पू झालेला असू शकतो. दुसरे, व्याल्यानंतर एक ते चार आठवड्यांत ती एकाएकी बेचैन झाली, धापा टाकू लागली, पाय ताठ करून चालू लागली, अंग थरथरू लागले तर रक्तातले कॅल्शियम उतरले आहे असे समजावे. हे गाईच्या दुग्धज्वरासारखेच. पुढे झटके येऊन ती काही तासांत दगावते. पिले लगेच बाजूला करून तिला डॉक्टरकडे न्यावे, सुईने कॅल्शियम दिले की डोळ्यांदेखत उठते. तिसरे, ती दिवसभर काहीच खात नसेल किंवा मागून घाण वासाचा स्राव येत असेल तर उद्यावर टाकू नये.

तापाची गोळी घरी आहे म्हणून अर्धी चुरून देऊ नये. पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, अर्ध्या गोळीनेही ती मरू शकते. गुरांच्या गोचिडांचे औषध तिच्या अंगाला लावू नये. तिची जागा फिनेलने पुसू नये, ते ती पायावरून चाटते. साबणाचे पाणी आणि ऊन एवढे पुरे.

आणि उंदराचे औषध. घरात व्यालेली मांजर असेल तर ते ठेवूच नये, शेजाऱ्यांनाही सांगावे. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस सुस्तावून फिरत राहतो, आणि असा मंद उंदीर मांजरीच्या हाती सगळ्यात आधी लागतो. तिच्याही रक्ताची गोठण्याची शक्ती जाते. हिरड्यांतून रक्त, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, अंगावर निळे डाग, धाप, असे दिसले तर ताबडतोब न्यावे, के-१ या जीवनसत्त्वाची सुई वेळेत मिळाली तर मांजर वाचते. झिंक फॉस्फाइडची काळी पावडर तर माणसालाही घातक आहे आणि तिच्यावर असा उतारा नाही. उंदरांचा फारच उपद्रव असेल तर पिंजरा लावावा.

भोरला आणि वेल्ह्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तिथे गाई-म्हशींचे काम जास्त असते, तरी मांजर दाखवायला संकोच करू नये. भोरकरांना शिरवळही जवळ आहे. तिथे १९८८ साली सुरू झालेले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. नेताना मांजर गोणीत कोंबू नये, झाकणाच्या करंडीत फडके घालून न्यावी आणि पिले बरोबर ठेवावीत.

पिलांचे डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. तीन-चार आठवड्यांनी दात टोचू लागले की आई त्यांना झटकू लागते. तेव्हा आईच्याच ताटलीतले मांस बारीक कुस्करून, रश्श्यात पातळ करून बशीत द्यावे. पहिले दोन दिवस ती त्यात चालतात, नाक बुडवतात, मग शिकतात. सात-आठ आठवड्यांनी आईचे दूध सुटते. तसतसे आईचे जेवण हळूहळू पूर्वीसारखे करावे. पिलांना जंत आईच्या दुधातूनही येतात, म्हणून पोट फुगलेले आणि अंग रोड दिसले तर डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे जंताचे औषध घ्यावे. तीन महिन्यांनी रेबीजची लस टोचावी. मांजर चावली किंवा ओरबाडली तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. घरात कोणी पोटुशी असेल तर तिने मांजरीची घाण काढू नये, ते काम दुसऱ्याने करावे.

पाजत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत पुन्हा व्यायला तयार. अशी लागोपाठ बाळंतपणे झाली की ती दोन वर्षांत खंगते आणि मागची पिलेही उपाशी राहतात. पिले सुटून दूध आटले की सुमारे दोन आठवड्यांनी तिचे ऑपरेशन करून घ्यावे. त्यानंतर ती उंदीर धरायची थांबते, हाही एक समजच.

भात घरात आले की वाडीतून पिले मागायला लोक येतात. तीन आठवड्यांचे गोजिरवाणे पिलू कोणी मागितले तर देऊ नका, आठ आठवडे होऊ द्या. देताना त्यांच्या हातात चार दिवसांची भिजवून उकडायची सुकट बांधून द्या, सवयीचे अन्न मिळाले की नव्या घरात पोट बिघडत नाही. आणि दूध-भाताची वाटी पुढे करू नका, हे तिथल्या म्हातारीला बजावून सांगा.